केमोनंतर, शस्त्रक्रियेआधी: कोणतं स्कॅन किती भरवशाचं?

शस्त्रक्रियेआधी केमो, रेडिएशन, हार्मोनच्या गोळ्या किंवा इम्युनोथेरपी चालू असताना जी स्कॅन होतात, त्यांचा हा परखड आढावा. कोणती तपासणी कुठे कामाला येते, कुठे दगा देते आणि हातात पडलेल्या रिपोर्टातलं काय धरायचं नि काय सोडायचं, एवढाच विषय. सगळ्यात जास्त जागा स्तनाच्या कॅन्सरला दिली आहे, कारण आधी औषध आणि मग शस्त्रक्रिया हा क्रम तिथे रुळलेला आहे आणि रिपोर्टांचा गोंधळही तिथेच सगळ्यात जास्त होतो.

आधी निकाल सांगून टाकू. स्तनात उरलेली गाठ मोजायला कॉन्ट्रास्ट एमआरआय (चित्र उठावदार करणारा पदार्थ शिरेतून देऊन केलेला) सर्वांत भरवशाचा. सोनोग्राफी झटपट होते, वारंवार करता येते आणि काखेतल्या लिम्फ नोडसाठी (रसग्रंथींसाठी) चांगली. मॅमोग्राफी केमोचा परिणाम मोजायला कच्ची, पण कॅल्शियमचे बारीक कण पाहायला तिला पर्याय नाही. पेट-सीटी अंगभर शोध घ्यायला उत्तम, मिलिमीटर मोजायला मात्र तिच्याकडे जाऊ नये. आणि चौघींपैकी एकही तपासणी "कॅन्सर संपला" असं सांगू शकत नाही. ते पॅथॉलॉजिस्ट सांगतो, शस्त्रक्रियेत काढलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर. स्कॅनवर काहीच दिसलं नाही तरी शस्त्रक्रिया ठरल्याप्रमाणे का होते, त्याचं उत्तर हेच.

बेसलाइन नसेल तर बाकी सगळं हवेत

उपचार सुरू होण्याआधीचं स्कॅन म्हणजे बेसलाइन. पुढचा प्रत्येक आकडा तिच्याशी ताडून पाहायचा असतो, म्हणून ती कशी झाली यावर बरंच अवलंबून आहे. नेहमीचा घोळ असा: बेसलाइन सोनोग्राफीवर गाठ ३१ मिमी, तीन सायकलनंतरच्या एमआरआयवर ३६ मिमी. घरातल्यांची झोप उडते. प्रत्यक्षात गाठ वाढलेली असेलच असं नाही. सोनोग्राफी गाठ थोडी लहान दाखवण्याकडे झुकते, एमआरआय कडेने पसरलेले बारीक फाटेही धरतो. दोन वेगळ्या मापपट्ट्यांवरच्या आकड्यांची वजाबाकी करायचीच नाही. सोनोग्राफीची तुलना सोनोग्राफीशी, एमआरआयची एमआरआयशी, आणि शक्य असेल तर त्याच केंद्रात, त्याच यंत्रावर.

दुसरा घोळ बायोप्सीचा. सुई घातल्यावर आत थोडं रक्त साकळतं. बेसलाइन एमआरआय लगेच त्यानंतर झाला असेल तर ते रक्त आणि सूज मापात मिसळू शकतं. रिपोर्टाच्या सुरुवातीच्या "क्लिनिकल हिस्ट्री"मध्ये बायोप्सीची तारीख आणि बाजू लिहिलेली आहे का, हे पाहावं. फॉर्म भरताना ही माहिती रुग्णाकडून गेली नाही तर रेडिओलॉजिस्टला ती कळायला मार्ग नसतो. केमोची किती सायकल झाली, शेवटची कधी झाली, हेही त्याच ओळीत हवं.

मग "कम्पॅरिझन" नावाचा रकाना बघा. तिथे जुन्या स्कॅनची तारीख असली पाहिजे. "नन अव्हेलेबल" लिहिलं असेल तर त्या रिपोर्टातल्या "कमी झाली", "तशीच आहे" या शब्दांना फारसा अर्थ उरत नाही. ते बहुधा जुना कागद वाचून लिहिलेलं असतं, जुनी चित्रं पाहून नव्हे. अशा वेळी जुन्या स्कॅनची सीडी नेऊन देऊन पुरवणी रिपोर्ट मागावा. ही मागणी रास्त आहे, आणि पुरवणी रिपोर्टाला "अडेंडम" म्हणतात.

आकडेमोड

गाठ किती कमी झाली हे ठरवण्याची जगभर चालणारी पद्धत म्हणजे रेसिस्ट. ती २००० साली आली आणि सध्याची १.१ ही आवृत्ती २००९ ची. तिच्यात गाठीचा सर्वांत लांब व्यास घेतात. जास्तीत जास्त ५ गाठी, एका अवयवातल्या जास्तीत जास्त २. लिम्फ नोडचा मात्र आखूड व्यास घेतात, आणि गफलत हमखास इथेच होते. रिपोर्टात "१८ बाय ९ मिमी नोड" असं दिसलं की माणूस १८ धरून बसतो. मोजायचे ९. आखूड व्यास १० मिमीपेक्षा कमी असेल तर या पद्धतीत तो नोड आकाराने सामान्य, आणि मोजणीत धरायला तो किमान १५ मिमी लागतो.

बेसलाइनच्या बेरजेपेक्षा ३० टक्के किंवा जास्त घट झाली की "पार्शियल रिस्पॉन्स". सगळं दिसेनासं झालं आणि नोड १० मिमीच्या खाली गेले की "कम्प्लीट रिस्पॉन्स". वाढ मात्र बेसलाइनपासून मोजत नाहीत. उपचारांत आतापर्यंत जी सर्वांत छोटी बेरीज नोंदली गेली, तिच्यापासून मोजतात: किमान २० टक्के आणि शिवाय किमान ५ मिमी. नवी गाठ दिसली तर तीही वाढच. या सगळ्याच्या मधे जे पडतं ते "स्टेबल डिसीज".

उदाहरण घ्या. बेसलाइन ४२ मिमी, मधल्या स्कॅनवर २८. घट ३३ टक्के, म्हणजे पार्शियल रिस्पॉन्स. पुढच्या स्कॅनवर ३१ आले. घाबरायचं का? २८ वरून ३१ म्हणजे ११ टक्के, ३ मिमी. वाढीच्या व्याख्येत बसत नाही. दोन रेडिओलॉजिस्टनी तीच चित्रं मोजली तरी एवढा फरक सहज पडतो. तेच ३४ आले असते तर २१ टक्के आणि ६ मिमी. तेव्हा मात्र डॉक्टरांशी बोलणं पुढच्या भेटीपर्यंत टाळू नये. उलट बाजूनेही पाहा: १० मिमीची गाठ १३ झाली तर टक्क्यांत ३० वाढ दिसते, पण ३ मिमीच असल्याने ती वाढ धरत नाहीत. टक्के एकटे वाचले की राईचा पर्वत होतो.

आणखी एक गोष्ट, जी कागदावर दिसत नाही. व्यास एक तृतीयांश कमी झाला तर गोल गाठीचं घनफळ जवळजवळ ७० टक्के उतरतं. ४२ वरून २८ म्हणजे "फक्त थोडीशी कमी" असं वाटतं, तसं ते नाही.

हे आकडे मुळात औषधांच्या चाचण्यांसाठी बांधलेले आहेत. रोजच्या कामात बरेच रेडिओलॉजिस्ट ही बेरीज करतही नाहीत, नुसतं "इंटर्व्हल डिक्रीज इन साइझ" (मागच्या वेळेपेक्षा आकार कमी) लिहून मोकळे होतात. ते चुकीचं नाही. पण सर्जनला यातून लागणारं उत्तर टक्क्यांत नसतंच. त्याला हवं असतं: गाठ त्वचेपासून, स्तनाग्रापासून, छातीच्या स्नायूपासून किती अंतरावर आहे, एका जागी आहे की विखुरलेली, काखेत काय उरलं.

विखुरलेली गाठ: घोडं इथे पेंड खातं

केमोने गाठ दोन तऱ्हांनी कमी होते. एक, चहूबाजूंनी आकसत मध्याकडे जाते. ४० मिमीची १५ होते आणि सर्जन तेवढाच भाग काढून स्तन वाचवू शकतो. दुसरी तऱ्हा, गाठ जागोजागी विरते आणि बेटं उरतात. अशा वेळी रिपोर्टात ओळ येते, "लार्जेस्ट रेसिड्युअल फोकस मेझर्स ८ मिमी". ४० वरून ८, म्हणजे ८० टक्के घट, पेढे वाटावेत असा निकाल. पण ती बेटं पूर्वीच्या जागेवर सगळीकडे पसरलेली असतील तर टोकापासून टोकापर्यंतचा पसारा अजून ३८ मिमी असू शकतो, आणि सर्जनला तो पसारा काढायचा असतो, ८ मिमीचा तुकडा नव्हे. म्हणून एमआरआय रिपोर्टात दोन आकडे शोधा: सर्वांत मोठं बेट किती, आणि एकूण विस्तार किती. दुसऱ्या आकड्याला "टोटल एक्स्टेंट" किंवा "स्पॅन" म्हणतात. तो नसेल तर विचारावा. आमच्या मते शस्त्रक्रियेआधीच्या रिपोर्टातली सर्वांत महाग पडणारी त्रुटी हीच. मोठा प्रतिसाद मिळूनही पूर्ण स्तन काढायचा सल्ला का मिळाला, या प्रश्नामागे पुष्कळदा हा दुसरा आकडा असतो.

एमआरआय: सर्वोत्तम, पण अटींसह

पोटावर झोपवून, दोन्ही स्तन खास कॉइलमध्ये (एमआरआयचे संकेत टिपणाऱ्या साच्यात) सोडून ही तपासणी होते. २० ते ४० मिनिटं लागतात. पाठीवर झोपवून साध्या बॉडी कॉइलवर काढलेला एमआरआय या कामाला चालत नाही, आणि कॉन्ट्रास्टशिवायचा पुरत नाही. कॉन्ट्रास्टमध्ये गॅडोलिनियम असतं. मूत्रपिंड फारच कमजोर असेल तर ते देताना विचार करावा लागतो, म्हणून अलीकडचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट सोबत ठेवावा. केमो पोर्ट (केमो देण्यासाठी त्वचेखाली बसवलेली डबी) बहुतेकदा अडचण करत नाही, पण त्याचं कार्ड दाखवावं.

कॉन्ट्रास्ट शिरेत गेल्यावर काही मिनिटं एकामागून एक चित्रं काढतात. उपचारांआधी कॅन्सर कॉन्ट्रास्ट झपाट्याने घेतो, पहिल्या मिनिट-दोन मिनिटांतच चमकतो आणि लवकर सोडतो. केमोने, विशेषतः टॅक्सेन गटातल्या औषधांनी, गाठीतल्या रक्तवाहिन्या बसतात. उरलेला जिवंत भाग मग कॉन्ट्रास्ट सावकाश घेतो. सुरुवातीच्या चित्रांत तो दिसतच नाही आणि उशिराच्या चित्रांत फिकट दिसतो. ज्या रिपोर्टात "नो अर्ली एन्हान्समेंट, फेंट लेट एन्हान्समेंट" असं लिहिलं आहे, त्याचा अर्थ "स्वच्छ" असा घेऊ नये. हा रेडिओलॉजिस्टने नीट काम केल्याचा पुरावा आहे.

एमआरआय दोन्हीकडे चुकतो. जास्त दाखवतो तेव्हा कारण बहुधा सूज, बरी होत असलेली जखम, व्रणाची ऊती, किंवा दुधाच्या नळीतच राहिलेला सुरुवातीचा कॅन्सर. कमी दाखवतो तेव्हा इकडेतिकडे विखुरलेल्या मोजक्या पेशी, ज्या कोणत्याही यंत्राला दिसणार नाहीत. कॅन्सरच्या प्रकारावरही भरवसा बदलतो: हर-टू पॉझिटिव्ह (हर-टू हे प्रथिन जास्त असलेल्या) आणि ट्रिपल निगेटिव्ह (हार्मोनचे दोन्ही ग्राहक आणि हर-टू यांपैकी काहीच नसलेल्या) गाठींत एमआरआयचा अंदाज प्रत्यक्षाच्या जास्त जवळ जातो, हार्मोन पॉझिटिव्ह गाठींत, आणि लोब्युलर (दुधाच्या ग्रंथींतून सुरू होणाऱ्या) प्रकारात तर आणखीच, कमी. म्हणजे "कम्प्लीट रिस्पॉन्स ऑन इमेजिंग" हे एकच वाक्य दोन रुग्णांच्या रिपोर्टात असलं तरी त्याचं वजन सारखं नसतं. बायोप्सीचा रिपोर्ट बाजूला ठेवूनच ते वाचायचं.

वेळ केव्हाची? शेवटचा एमआरआय शेवटच्या सायकलनंतर साधारण दोन आठवड्यांनी, आणि शस्त्रक्रिया बहुतेक ठिकाणी शेवटच्या केमोपासून ३ ते ६ आठवड्यांत. मधे फार अंतर पडलं तर हातातलं चित्र शिळं होतं. मधल्या टप्प्यावरचा एमआरआय प्रत्येकाला लागतो असं नाही. हाताला गाठ लहान लागत असेल आणि सोनोग्राफीही तेच म्हणत असेल तर तो टाळता येतो.

मॅमोग्राफी, सोनोग्राफी आणि एक बारीक क्लिप

मॅमोग्राफीवर दिसणारे कॅल्शियमचे कण केमोने विरघळत नाहीत. आजूबाजूचा कॅन्सर मेला तरी कण तिथेच, कधी तर संख्येने वाढलेले. त्यामुळे "कॅल्सिफिकेशन्स पर्सिस्ट" (कण अजून आहेत) हे वाक्य म्हणजे औषध लागू पडलं नाही असं नव्हे. तरीही सुरुवातीला जे कण संशयास्पद होते ते सर्जन सहसा सगळे काढतो, कारण त्यांच्याभोवती जिवंत पेशी आहेत की नाहीत हे मॅमोग्राफी सांगू शकत नाही. एमआरआय स्वच्छ आणि मॅमोग्राफीवर ६० मिमीपर्यंत पसरलेले कण, अशी जोडी आली की शस्त्रक्रियेचा आकार मॅमोग्राफी ठरवते. एमआरआयला कण दिसत नाहीत, म्हणून शस्त्रक्रियेआधी दोन्ही लागतात.

मॅमोग्राफीच्या रिपोर्टात शेवटी "बायरॅड्स ६" असं छापलेलं असतं. आधी ४ किंवा ५ होतं, आता ६, म्हणजे वाढलं, असा समज करून घेणारे खूप. ६ या आकड्याचा अर्थ इतकाच की बायोप्सीने कॅन्सर सिद्ध झालेला आहे. तो केमोभर ६च राहणार, गाठ नाहीशी झाली तरी.

सोनोग्राफीची मर्यादा अशी की ती करणाऱ्याच्या हातावर अवलंबून आहे. प्रोब कोणत्या कोनात धरला यावर व्यास बदलतो. चांगल्या रिपोर्टात गाठीची जागा घड्याळाच्या काट्याप्रमाणे आणि स्तनाग्रापासूनच्या सेंटिमीटरमध्ये लिहिलेली असते, "१० ओ'क्लॉक, ४ सेमी फ्रॉम निपल" अशी. पुढच्या वेळी त्याच जागी मोजता येतं. नुसतं "अपर आउटर क्वाड्रंट" (वरचा बाहेरचा पाव भाग) म्हणजे अर्धवट काम.

आता क्लिप. दोन-तीन मिलिमीटरची, बहुधा टायटॅनियमची खूण बायोप्सीच्या वेळी किंवा केमो सुरू होता होता गाठीच्या मध्यात सोडतात. गाठ पूर्ण विरली तर सर्जनला जागा सापडावी म्हणून. ती एमआरआयला चालते, विमानतळावर वाजत नाही, शस्त्रक्रियेत निघून जाते. पहिल्या दोन सायकलमध्ये गाठ झपाट्याने ओसरू लागली आणि क्लिप अजून टाकलेली नाही, ही परिस्थिती खरोखर घाईची आहे. गाठ दिसेनाशी झाल्यावर क्लिप कुठे टाकणार? विस्तार मोठा असेल तर दोन टोकांना दोन क्लिप टाकतात. शेवटच्या मॅमोग्राफीत क्लिप कुठे आहे, ती जागेवरून सरकली आहे का, हे लिहिलेलं असावं.

काखेतला नोड सुरुवातीला पॉझिटिव्ह होता तर त्यातही क्लिप टाकण्याची पद्धत आहे. सोनोग्राफीवर नोडची बाहेरची कड ३ मिमीपेक्षा जाड, किंवा मधली चरबीची रेघ पुसलेली, ही संशयाची लक्षणं. केमोनंतर नोड अगदी नीट दिसू लागतो, पण आत कॅन्सर शिल्लक असू शकतो. म्हणून शस्त्रक्रियेत सेंटिनल नोड (गाठीकडचा निचरा सर्वांत आधी जिथे पोचतो ते नोड) तपासतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या झेड १०७१ या अमेरिकी अभ्यासात, सुरुवातीला नोड पॉझिटिव्ह असलेल्या आणि केमो घेतलेल्या स्त्रियांमध्ये, ही तपासणी १२.६ टक्के वेळा उरलेला कॅन्सर चुकवत होती. दोन प्रकारचे ट्रेसर (नोड शोधायला टोचतात तो रंग आणि किरणोत्सारी पदार्थ) वापरले, किमान तीन नोड काढले आणि क्लिपवाला नोड त्यांत नक्की आला, तर चूक घटते. काखेचा अहवाल "नॉर्मल" आला की क्लिपवाला नोड कसा शोधणार, हा प्रश्न सर्जनला विचारायला हरकत नाही. ताकाला जाऊन भांडं लपवू नये.

पेट-सीटी: तयारी बिघडली की निकाल बिघडला

पेटमध्ये साखरेसारखा, किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेला पदार्थ शिरेतून देतात. जिथे साखर जास्त खपते तिथे तो साचतो. ४ ते ६ तास उपाशी राहायचं, पाणी चालतं. रक्तातली साखर २०० मिग्रॅ प्रति डेसिलिटरच्या खाली हवी. जास्त असेल तर पदार्थ गाठीत कमी शिरतो आणि गाठ शांत झाल्यासारखी भासते. आदल्या दिवशी जड व्यायाम नको, स्नायू चमकतात. थंडी वाजली तर मानेभोवतीची तपकिरी चरबी चमकते. इंजेक्शननंतर सुमारे एक तास न बोलता, न हलता पडून राहायचं, मग स्कॅन. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांची आतडी चमकतात. हे सगळं कॅन्सर नव्हे, पण रिपोर्टात येतं.

एसयूव्ही हा आकडा म्हणजे साखर खाण्याचा जोर. मोजणीच्या पर्सिस्ट या पद्धतीत ३० टक्के घट हा प्रतिसादाचा उंबरठा. पण या आकड्यावर शरीराचं वजन, साखर, इंजेक्शन ते स्कॅन हे अंतर आणि यंत्र, सगळ्यांचा परिणाम होतो. पहिल्या वेळी ६० मिनिटांनी स्कॅन आणि दुसऱ्या वेळी ९० मिनिटांनी, तर ती तुलना कच्ची. दोन्ही वेळचं अंतर १५ मिनिटांच्या आत जुळायला हवं. ६.८ वरून ६.१ झाला म्हणून हुरळू नये, आणि २.१ चा २.४ झाला म्हणून हबकू नये.

वेळेचंही बंधन आहे. केमोनंतर निदान १० दिवस जाऊ द्यावेत, पुढच्या सायकलच्या अगदी आधी केलं तर बरं. पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन नुकतंच घेतलं असेल तर सगळी हाडं आणि प्लीहा एकसारखी चमकतात. रिपोर्टात "डिफ्यूज मॅरो अपटेक" असं येतं आणि वाचणाऱ्याला वाटतं हाडात गेला. एकसारखी चमक ही सहसा औषधाची असते. एकाच मणक्यात किंवा बरगडीत ठिपका असेल तर गोष्ट वेगळी. दंडात लस घेतल्यावर त्या बाजूच्या काखेतले नोडही काही आठवडे चमकतात, म्हणून लसीची तारीख आणि बाजू सांगावी. रेडिएशननंतर तर ८ ते १२ आठवडे थांबणं बरं, कारण भाजलेली ऊतीही साखर खाते.

सुमारे ८ मिमीपेक्षा लहान गाठी पेटला निसटतात. म्युसिनस (म्युसिन हा चिकट द्रव भरलेला) आणि लोब्युलर प्रकार मुळातच फिके चमकतात. बेसलाइनलाच गाठ चमकत नव्हती, तर पुढे "नो अपटेक" आलं यात आनंद मानण्यासारखं काही नाही.

बाकीचे अवयव, थोडक्यात

गुदाशयात रेडिएशन-केमोनंतर ६ ते ८ आठवड्यांनी एमआरआय करतात, त्याआधी केला तर सुजेचं चित्र मिळतं. काळी पट्टी म्हणजे व्रण, मधला राखाडी रंग म्हणजे उरलेली गाठ, असा ढोबळ नियम. म्युसिन पांढरं चमकतं, आणि त्यात पेशी आहेत की नाहीत हे एमआरआय सांगत नाही. गाठीचं शस्त्रक्रियेत कापायच्या कडेपासूनचं अंतर १ मिमी किंवा कमी असेल तर सर्जन सावध होतो. इथे १ ते ५ अशी श्रेणी देतात, १ म्हणजे उत्तम प्रतिसाद. पॅथॉलॉजीच्या काही श्रेणी नेमक्या उलट्या चालतात, त्यामुळे दोन रिपोर्टांतले आकडे शेजारी ठेवून जुळवू नयेत. शस्त्रक्रिया टाळून लक्ष ठेवायचं म्हटलं तर एमआरआय एकटा पुरत नाही. एमआरआय, बोटाने तपासणी आणि दुर्बीण, तिन्ही एकमताने हवीत.

आतड्याचा कॅन्सर यकृतात गेलेला असतो तेव्हा केमोने काही ठिपके सीटीवरून गायब होतात. जिवंत पेशी तिथे पुष्कळदा असतातच. यकृतात शिरणारं खास कॉन्ट्रास्ट वापरून केलेला एमआरआय इथे सीटीपेक्षा सरस. केमोने यकृतात चरबी साचली की सीटीवर ठिपके ओळखणं आणखी अवघड होतं. सर्जनला बेसलाइनची चित्रं हवीत ती यासाठी, की गायब झालेला ठिपका नक्की कुठे होता.

हाडाच्या ऑस्टिओसार्कोमात गाठीत हाडच तयार झालेलं असल्याने ती मेली तरी आकार तसाच राहतो. प्रतिसाद कळतो तो शस्त्रक्रियेनंतर, मेलेल्या पेशींच्या टक्केवारीवरून; ९० टक्के किंवा जास्त म्हणजे चांगला. पोटातल्या जिस्ट (पचनमार्गाच्या भिंतीतल्या) गाठीवर इमॅटिनिब हे औषध लागू पडलं की गाठ आधी पातळ होते, कधी थोडी फुगतेही. म्हणून तिथे चोई निकष वापरतात: आकारात १० टक्के किंवा सीटीवरच्या घनतेत १५ टक्के घट. स्वादुपिंडात केमोनंतर सीटीवर रक्तवाहिनीला चिकटलेलं दिसतं ते गाठ की नुसता व्रण, हे बऱ्याचदा उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही. तिथे रक्तातल्या सीए १९-९ या कॅन्सरच्या खुणेचा उतार स्कॅनइतकाच मोलाचा.

इम्युनोथेरपीत गाठ किंवा नोड आधी मोठे होऊन मग ओसरू शकतात, कारण प्रतिकारपेशी तिथे गर्दी करतात. २०१७ च्या आय-रेसिस्टमध्ये अशी वाढ ४ ते ८ आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करून पक्की करायला सांगितलं आहे. पण हे क्वचित घडतं. वाढ दिसली की "हे खोटंच असणार" असं स्वतःच ठरवू नये. शस्त्रक्रिया तोंडावर असेल तर नव्या नोडची सुईने बायोप्सी करून प्रश्न मिटवतात.

रिपोर्टाची भाषा

शेवटचा "इम्प्रेशन" हा भाग आधी वाचा, मग वरचा तपशील. "इनडिटर्मिनेट" म्हणजे ठरवता येत नाही, वाईट असं नाही. "टू स्मॉल टू कॅरॅक्टराइझ" हे यकृतातल्या किंवा फुफ्फुसातल्या काही मिलिमीटरच्या ठिपक्याबद्दल येतं. तो बेसलाइनलाही होता का, हाच प्रश्न. "कोरिलेट क्लिनिकली" म्हणजे तपासणाऱ्या डॉक्टरने हात लावून बघावं. टीएनएमच्या (गाठ, नोड आणि पसरण यांवरून टप्पा सांगणाऱ्या खुणेच्या) आधी वाय आला तर उपचारांनंतरचं माप. वायसी म्हणजे स्कॅन आणि तपासणीवरून, वायपी म्हणजे शस्त्रक्रियेनंतर पॅथॉलॉजीवरून. दोन्हींत फरक पडला तर वायपी खरा, आणि पुढचं औषध त्यावरच ठरतं.

रिपोर्ट टाकला की सोप्या भाषेत सारांश देणारी अ‍ॅप आता सर्रास वापरली जातात. शब्दांचे अर्थ सांगायला ठीक. पण त्यांनी चित्र पाहिलेलं नसतं, बेसलाइन पाहिलेली नसते, आणि "३६ मिमी" सोनोग्राफीचे की एमआरआयचे याची दखल ती घेतीलच असं नाही. निष्कर्षासाठी त्यांच्यावर विसंबू नये.

सर्जनच्या भेटीला कागदांबरोबर सगळ्या स्कॅनची सीडी हवी, डायकॉम (स्कॅनची मूळ चित्रं असलेल्या) स्वरूपातली. मोबाइलवर काढलेले फिल्मचे फोटो कामाचे नाहीत. बायोप्सीचा रिपोर्ट, क्लिप कधी आणि किती टाकल्या त्याची नोंद, केमोच्या तारखा. सीडी घरी एकदा उघडून पाहावी. रिकामी किंवा दुसऱ्याच रुग्णाची निघणं हे वाटतं तितकं दुर्मीळ नाही.

काही ओळी मात्र पुढच्या भेटीची वाट पाहण्याच्या नाहीत. केमो चालू असताना सीटीवर फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी ध्यानीमनी नसताना सापडते. रिपोर्टात "पल्मनरी एम्बोलिझम" किंवा "फिलिंग डिफेक्ट" असतं. मज्जारज्जूवर दाब, आतड्यात अडथळा, फुफ्फुसाभोवती हवा, आणि ताप-खोकला असताना फुफ्फुसात "ग्राउंड ग्लास" (धूसर काचेसारखी) छाया, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी उपचार करणाऱ्या टीमला फोन करावा, रात्र असली तरी. दम लागत असेल किंवा पायांतली ताकद जात असेल तर फोनवर न थांबता थेट इमर्जन्सीत जावं.